मस्कत ते सोहार, मुशीसकट

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "काय मग, कसं होतं फॉरेन?" बोईसर स्टेशनबाहेरचा रिक्षावाला विचारतो, आमच्या कारखान्याचा वॉचमन विचारतो. चिंचणीच्या वाण्याने तर आईला अडवून "उंट बघितला का?" असं विचारलं. आधी मी सगळ्यांना "छान होतं" म्हणून वाटेला लावत होते. आता खरं सांगते. छान होतं, पण मी त्या देशात जितकी चिडले तितकी गेल्या कित्येक वर्षांत चिडले नव्हते. मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की हे म्हणणं काही लहानसहान नाही.

ओमानचे किल्ले, मशिदी, निळं पाणी याबद्दल ज्यांना वाचायचं असेल त्यांना ते कुठेही मिळेल. माझ्या मोबाइलमध्ये फोटो आहेत, घरी या, दाखवते. मी इथे लिहिणार आहे ते मस्कत विमानतळापासून सोहार शहरापर्यंतच्या एका मोटारीच्या प्रवासाबद्दल. ती मोटार माझ्या धाकट्या भावाने आमच्यासाठी खास भाड्याने ठरवली होती. स्वतंत्र, थंडगार, दारापासून दारापर्यंत. त्या मोटारीत मी होते, आई होती आणि सुकी मुशी होती.

चिंचणी

आधी मुशीबद्दल सांगायला हवं. मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क. आमच्या किनाऱ्यावर त्याला कुणी शार्क म्हणत नाही आणि घाबरतही नाही. त्याचे लांबट तुकडे करून, मिठात मुरवून, कडक उन्हात वाळवतात. बाळंतिणीला दूध कमी असेल तर कोळ्यांच्या घरात पहिली आठवण होते ती मुशीची. भरपूर लसूण, थोडी मिरी आणि पातळ कालवण. त्याने दूध खरंच वाढतं का ते डॉक्टरांना विचारा. आईला विचाराल तर ती तुमच्याकडे, सूर्य कुठून उगवतो असं विचारल्यासारखी बघेल.

माझा भाऊ नितीन आधी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता, मग ओमानला सोहारमध्ये एका कारखान्यात लागला. होळीनंतर त्याला मुलगी झाली. बायको रुपालीची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिच्या माहेरचं कुणी जाऊ शकत नव्हतं. बाळ रडत राहायचं, दूध पुरत नव्हतं, रुपाली फोनवर बोलताना मध्येच गप्प व्हायची. आईने ठरवलं की आपण जायचं. आयुष्यात पालघरच्या पुढे मुंबई आणि एकदा शिर्डी एवढाच प्रवास केलेली बाई, पण तिने पासपोर्टाच्या फोटोसाठी असे डोळे रोखले की फोटोवालाच दचकला. सोबत मी. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते, साहेबांकडून रजा काढून घेणं हीही एक लढाई होती, पण तो राग वेगळा. तो इथे नको.

निघायच्या आधी नितीनने फोन केला. "ताई, मासे आणू नका हां. इथे सगळं मिळतं. आईला सांग, सुकं काहीही नको."

आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "बरा, बरा."

आईचं "बरा बरा" म्हणजे काय ते आमच्या आख्ख्या आळीला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी ती पहाटे बंदरावर गेली, आणि पुढचे काही दिवस आमच्या पत्र्यावर मुशी वाळत होती. मी तिला अडवलं नाही. माझं मत विचाराल तर मला ते पटलंच होतं.

मस्कत विमानतळ

मस्कतच्या विमानतळावर सगळं इतकं चकचकीत की आईने चपला काढून हातात घ्यायचा विचार केला. मी तिला रागावले. तपासणीच्या अधिकाऱ्याने पिशवी उघडायला लावली, आत डोकावला, नाकाला रुमाल न लावता एक तुकडा उचलून पाहिला आणि हसून "जा" असा हात केला. मला वाटलं, चला, सगळ्यात कठीण घाट उतरलो. तिथेच मी फसले.

बाहेर आमच्या नावाची पाटी घेऊन एक माणूस उभा होता. पायघोळ पांढरा अंगरखा, डोक्यावर भरतकाम केलेली टोपी, वय पन्नाशीच्या आसपास. नाव खमीस. तिथला असूनही हिंदी अशी बोलत होता की बोईसरला पानाच्या ठेल्यावर उभा केला असता तर खपून गेला असता. आईला वाकून सलाम केला, ट्रॉली स्वतः ढकलली, मला पाण्याची बाटली दिली. गाडी पांढरी, लांबलचक. आतून धुपासारखा गोड वास येत होता.

मग त्याने सामान उचलायला सुरुवात केली. बॅगा ठेवल्या. आईची पिशवी हातात घेतली, थांबला, खाली ठेवली.

"ये नहीं जाएगा, दीदी."

"क्यूं नहीं जाएगा?"

"मछली है. कंपनी का रूल है."

माझं हिंदी बोईसरच्या मजुरांशी बोलून तयार झालेलं आहे. त्यात "कृपया" नावाचा शब्द नाही. मी म्हणाले, "कंपनी को बोलो, हमने पूरा गाडी लिया है. थैली भी हमारा, गाडी भी हमारा." तो मान हलवत राहिला. आवाज चढवला नाही, आणि त्याने माझा आणखी संताप झाला. भांडणाऱ्याशी भांडता येतं. नम्रपणे नाही म्हणणाऱ्या माणसापुढे आपणच वेडे दिसतो. "थैली यहीं छोड़ दो, मैं किसी को दे दूंगा," असं तो म्हणाला तेव्हा तर माझ्या डोळ्यांपुढे अंधारीच आली. कुणाला देणार होता? कशासाठी? ती मुशी माझ्या आईने कावळ्यांना हाकलत वाळवली होती.

मी तरातरा ट्रॉली परत ठेवायला गेले, खरं तर राग थोडा खाली बसावा म्हणून. खमीस फोन कानाला लावून गाडीच्या मागे गेला. आई पिशवीजवळ उभी राहिली.

मी परत येते तर काय, आई पिशवीवर बसलेली. भर रस्त्यात, मांडी घालून, लुगड्याचा पदर खोचून. मागे गाड्यांची रांग लागली होती. एक शिपाई शिट्टी वाजवत धावत येत होता. खमीस हात जोडून म्हणत होता, "अम्मा, उठो. अम्मा, प्लीज." आई समोर बघत होती, जशी काही ती चिंचणीच्या बाजारात ऊन उतरायची वाट बघत बसली आहे.

"आई, ऊठ. तो बघेल काहीतरी."

"पिशवी गाडीत जाईल तवा मी उठन," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, विनंतीही नव्हती.

शिपाई पोचला. त्याने खमीसला अरबीत झापलं. खमीसने डिकीतून दोन काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या, मुशी एकात एक गुंडाळली, गाठ मारली, डिकीत अगदी कोपऱ्यात ठेवली आणि मग हात पुसले. आई उठली. लुगडं झटकलं आणि मागच्या सीटवर अशी जाऊन बसली की जणू ती गाडी तिच्याच नावावर आहे.

बरक्याच्या पुढे

रस्त्याबद्दल मला खोटं बोलता येणार नाही. आमच्या बोईसर-चिंचणी रस्त्यावर गरोदर बाईला नेऊ नये असं डॉक्टर सांगतात, आणि हा रस्ता असा की खिडकीतून बघितलं नाही तर गाडी उभी आहे असं वाटावं. उजवीकडे समुद्र आहे म्हणे, पण दिसत नाही. मध्ये खजुराच्या बागा, बुटक्या भिंती, पांढरी घरं. डावीकडे दूरवर डोंगर, झाडाचं एक पान नाही. मला हे सगळं सुंदर वाटायला हवं होतं. पण खमीसने आरशाला टांगलेल्या बाटलीतून अत्तर शिंपडलं, मग काच खाली केली, मग वर केली, मग परत अत्तर. डिकीतल्या गुंडाळलेल्या मुशीपेक्षा त्या अत्तरानेच माझं डोकं दुखायला लागलं. मी म्हणाले, "आता माझ्यावरच शिंपडा." त्याला कळलं नाही, बरंच झालं.

बरका नावाचं गाव गेलं. आईच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. ती पुढे वाकून तिच्या हिंदीत खमीसला म्हणाली, "तुमको बच्चा हाय?"

"पाँच, अम्मा."

"सगले दूध पिया? आईका?"

खमीस गोंधळला. मी रागातच भाषांतर केलं. मग आईने त्याला सगळं सांगितलं. सुनेला दूध नाही. नात रडते. तिची आई येऊ शकत नाही. ही मुशी तिच्यासाठी आहे, खायला दिली की दूध येतं, आमच्याकडे असंच करतात. आई हातवारे करत होती, छातीकडे बोट दाखवत होती, परक्या पुरुषासमोर हे बोलताना तिला काहीच वाटत नव्हतं. खमीसचे डोळे आरशात एकदा माझ्याकडे आले आणि लगेच रस्त्याकडे गेले. त्याने अत्तराला हात लावायचं थांबवलं.

पुढे एका पेट्रोल पंपावर थांबलो. तिथे चहाचं दुकान होतं, वेलचीचा दाट चहा आणि गरम पराठा. चव उत्तम होती, हेही रागातच कबूल करते. मी बाथरूमला गेले. जाताना पाहिलं, आई खमीसला सांगत होती, "डिकी खोलो. घाम आला असल तिला." त्याने खोलली आणि तो चहा घ्यायला गेला.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. सुकं मासळं बंद पिशवीत फार वेळ राहिलं की घामेजतं आणि मग त्याला बुरा धरतो. म्हणून मधूनमधून त्याला ऊन दाखवायचं. कुठे, हा प्रश्न आमच्या गावात कुणी विचारत नाही. जिथे ऊन तिथे मासळं. पत्र्यावर, कठड्यावर, डांबरी रस्त्याच्या कडेला, उलट्या होडीवर. एकदा गावात पाहणीला आलेल्या साहेबांची जीप दुपारभर उभी राहिली तर तिच्या टपावर कुणीतरी बोंबील टाकले होते, आणि साहेब परत आले तेव्हा त्यांनाच सांगितलं होतं, "जरा थांबा, एक बाजू राह्यली."

मी बाहेर आले तर पंपावर घोळका. मध्ये आमची गाडी. तिच्या लांबलचक पांढऱ्या बॉनेटवर आईचं धुतलेलं जुनं पातळ पसरलेलं, आणि त्यावर ओळीने मुशीचे तुकडे. खालून इंजिनाची धग, वरून वाळवंटातलं ऊन. आई एकेक तुकडा उलटत होती. मला म्हणाली, "बघ गं, काय झकास तापलंय. आपल्याकडं अशी जागा नाय."

खमीस चहाचा कप हातात घेऊन धावत आला. "अम्मा! ये क्या! ये मेरी गाडी है!"

"हां, हां," आई म्हणाली, "पाच मिंट."

पंपावरचे कामगार हसत होते, एक जण मोबाइलवर चित्रण करत होता. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मोबाइल खिशात घातला. तेवढ्यात एक जुनी पिकअप येऊन थांबली. तिच्यातून एक म्हातारा ओमानी उतरला, पांढरी दाढी, हातात काठी. तो सरळ बॉनेटपाशी आला, मुशीचा एक तुकडा उचलला, नाकाशी नेला आणि चक्क तोंडात टाकला. चावत राहिला. मग खमीसला काहीतरी म्हणाला आणि आईकडे बघून मान डोलावली.

"क्या बोलता है?" मी विचारलं.

खमीस खाली बघून म्हणाला, "बोलता है, अच्छा है. नमक थोडा ज़्यादा है. हमारे यहाँ भी बनता है, अवाल बोलते हैं. प्याज़ और नींबू के साथ खाते हैं."

"तुम भी खाते हो?"

"मेरी माँ बनाती थी."

मग मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चिंचणीच्या बाजारात भांडते तशी भांडले. म्हणजे हे तुमच्या घरात शिजतं! तुमची आई करते! आणि माझ्या आईच्या पिशवीला हात लावून हात पुसता? तिला रस्त्यात बसायला लावता? पाण्यात राहून माशाशी वैर म्हणतात ते हेच. कसली तुमची कंपनी आणि कसला तो रूल! माझं अर्धं भांडण मराठीत होतं, पण ते सगळ्यांना समजलं असावं, कारण घोळका पांगला. म्हातारा आपल्या पिकअपकडे गेला.

खमीसने मला हाताने गाडीपासून थोडं दूर बोलावलं. आई तुकडे उलटण्यात गुंतलेली होती. तो हळू आवाजात बोलला.

"दीदी, कंपनी का कोई रूल नहीं है."

"फिर?"

"आपके भाई का फोन आया था, कल. बोला, माँ के पास मछली की थैली होगी. एयरपोर्ट पे ही छोड़ देना, बोलना कंपनी मना करती है. मेरा नाम मत बताना. वहाँ एयरपोर्ट से मैंने फिर फोन किया, पूछा क्या करूँ. बोला, फेंक दो."

माझा हात पर्सकडे गेला.

"फिर छोडा क्यूं नहीं?"

"अम्मा ऊपर बैठ गईं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "अम्मा को मैं कैसे उठाता? और अब तो मुझे मालूम है वो किसके लिए है."

मी फोन काढला. तिथल्या तिथे नितीनला लावून त्याची सालटी काढायची, एवढंच डोक्यात होतं. शहाणा उंटावरून शेळ्या हाकतोय, तेही उंटांच्या देशात बसून! आईला भाड्याच्या माणसाकडून अडवतो, स्वतःचं नावसुद्धा पुढे येऊ देत नाही. फोन लावायचं बटण दाबणार तेवढ्यात आईने हाक मारली. "वैशू, ये, गोळा करायला लाग. झाली एकदम कडक." तिच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की मी फोन परत पर्समध्ये टाकला. तिला हे कळता कामा नये, असं मी ठरवलं. सोहारला पोचू दे, मग बघते त्याच्याकडे.

आईने निघण्यापूर्वी मूठभर मुशी कागदात बांधून खमीसच्या पुढ्यात ठेवली. त्याने ती नाकारली नाही. पुढच्या सीटवर, स्वतःच्या शेजारी ठेवली.

सोहार

उरलेल्या रस्त्यात मी काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही. मी फक्त वाक्यं तयार करत होते. नितीनला कोणतं आधी बोलायचं, कोणतं नंतर. एका ठिकाणी आई म्हणाली, "आलं गं आपलं बोईसर." मी वर पाहिलं. चिमण्या, टाक्या, आकाशात पिवळट धूर, आणि बंद काचेतूनसुद्धा येणारा तो ओळखीचा, घशात खवखवणारा वास. सोहारचं औद्योगिक क्षेत्र आलं होतं. हा वास मात्र सगळ्यांना चालतो, माझ्या मनात आलं. कारखान्यांचा वास अंगावर घेऊन माणसं घरी जातात, मुलांना मांडीवर घेतात, आणि कुणी त्यांना गाडीतून उतरवत नाही.

नितीन इमारतीच्या खाली उभा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कारखान्याचं कार्ड. आईच्या पाया पडला, मला मिठी मारली, आणि मग त्याची नजर उघड्या डिकीकडे गेली. काळ्या प्लास्टिकचं गाठोडं बघून त्याचा चेहरा उतरला. त्याने खमीसकडे पाहिलं. खमीस आईला हात देऊन उतरवत होता. तो नितीनकडे न बघता म्हणाला, "अम्मा ज़िंदाबाद," आणि पिशवी स्वतः उचलून जिन्याने वर घेऊन गेला.

दार रुपालीने उघडलं. खांद्यावर बाळ, डोळ्यांखाली काळं. तिने आईला नमस्कार करायच्या आधी विचारलं, "आई, आणली ना मुशी?"

"आनली गं बाय. आनणार नाय तर काय?"

नितीन मागून म्हणाला, "तू सांगितलं होतंस आणायला?"

"मग कोण सांगणार? तुम्ही?" रुपाली म्हणाली, आणि बाळाला घेऊन आत गेली.

म्हणजे बायकोने मागितलेली वस्तू हा माणूस विमानतळावर फेकायला सांगत होता. मला आता एकही वाक्य आठवेना, पण राग तर होता. मी त्याला बाल्कनीत ओढला, दार लावून घेतलं.

"कंपनीचा रूल आहे म्हणे, नितीन?"

तो लगेच समजला. आधी "कोण म्हणालं" असं काहीतरी पुटपुटला, मग एकदम उसळला. "ताई, तुला नाय कळणार. आधीच्या बिल्डिंगमध्ये मी बोंबील भाजले होते, दोनदाच. शेजाऱ्यांनी मालकाकडे तक्रार केली, घर सोडावं लागलं. कारखान्यात अजून मला 'ए मच्छी' म्हणून हाक मारतात. शाळेत असताना पन तेच, आठवतं? बाकावर माझ्याशेजारी कोण बसायचं? कोणी नाय. किती वर्षं तो वास वागवायचा मी?"

राग आला की त्याचं सगळं इस्त्रीचं मराठी गळून पडतं आणि चिंचणी बाहेर येते.

"मच्छी म्हणणाऱ्यांना तुझं नाव सांग, त्यांच्याशी भांड," मी म्हणाले. "आईशी कशाला? तिच्याशी भांडायचीही हिंमत नाही तुझ्यात. भाड्याच्या ड्रायव्हरला पुढे करतोस! तुझ्या पोरीला दूध नाही रे. तुझ्या पोरीला. आणि तुला वासाची पडली आहे?"

तो कठड्याकडे तोंड करून उभा राहिला. मी आणखी बरंच बोलले. सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मला त्याची दया आली का? लहानपणी त्या बाकावर एकट्या बसणाऱ्या पोराची आली. समोर उभ्या असलेल्या माणसाची नाही आली.

आत आले तर आई स्वयंपाकघरात होती. मुशी कोमट पाण्यात भिजत होती आणि ती लसूण सोलत होती. ओट्यावरची खिडकी नितीनने बंद करून, वर कापड खोचून ठेवली होती. आईने आल्याआल्या कापड काढून खिडकी सताड उघडली असावी, कारण बाहेरचा रस्ता स्पष्ट ऐकू येत होता.

"एवढी वरडू नको त्याच्यावर," ती म्हणाली.

"कशाबद्दल वरडले ते तुला काय माहीत?"

"माहीत हाय."

"ऐकू आलं तुला बाल्कनीतलं?"

"आता नाय. तिथं, विमानतळावरच. तो डायवर गाडीमागं फोनवर बोलत होता ना, मी जवळच उभी होती. फोनातून आवाज आला. 'फेक दो' म्हनला." तिने लसणाची पाकळी ठेचली. "पोटचा पोर हाय माजा. त्याचा आवाज मला कळायचा नाय?"

म्हणजे विमानतळाबाहेर, पंपावर, बॉनेटवर मुशी उलटताना, वाटभर सगळं तिला ठाऊक होतं. मी जे लपवत आले ते माझ्या आधीपासून तिच्याकडे होतं.

"म्हणून तू पिशवीवर बसलीस?"

"मंग काय करनार? डायवरशी भांडून काय उपेग, तो सांगितल्या कामाचा. ज्याच्याशी भांडायचा तो फोनात बसलेला. म्हटला, बघू, आयशीसकट फेकतो का."

"आणि आता काहीच बोलणार नाहीस त्याला?"

तिने पातेलं गॅसवर ठेवलं. तेलात लसूण पडली, आणि मग मुशी. जो वास उठला तो मी लहानपणापासून ओळखते. तो खिडकीतून बाहेर गेला, जिन्यात गेला, मला वाटतं खालच्या रस्त्यापर्यंत गेला असेल.

"त्याच्या येळंला मला पन दूध नव्हता," आई म्हणाली. "माज्या सासूनं हीच घातली मला. तवा तो जगला. हे त्याला कदी कोनी सांगितलाच नाय, मी तरी कुठं सांगितला. आता सांगन. जेवताना सांगन. ताटं घे."

तिने ताटं वाढली. पहिलं रुपालीला, मग नितीनला. नितीन म्हणाला, मला नको, ऑफिसला जायचं आहे, शर्टाला वास येईल. आई त्याच्यासमोर ताट धरून उभी राहिली, आणि दुधाचं जेवढं मला सांगितलं तेवढंच तिने त्याला सांगितलं. आवाज न चढवता. मग त्याने शर्ट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बनियनवर जमिनीवर बसून जेवला. आत बाळ रडलं आणि रुपाली हात धुवून उठली.

चिंचणी

आम्ही तिथे आणखी काही दिवस राहिलो. किल्ला पाहिला, मासळीबाजार पाहिला, उंटही पाहिला, वाण्याला सांगितलं आहे. रुपालीचं दूध वाढलं. मुशीने, की सासू शेजारी असल्याने, की आपोआप, मला माहीत नाही आणि मी भांडणार नाही. परतीच्या दिवशी नितीनने परत खमीसलाच बोलावलं होतं. खमीसने डिकी उघडली, आईला म्हणाला, "अम्मा, इस बार थैली नहीं?" नितीन तिथेच उभा होता. तो बॅगा लावत राहिला.

माझा राग अजून गेलेला नाही. लोकांना वाटतं, जेवला म्हणजे मिटलं. ताट चाटून पुसल्याने "फेक दो" पुसलं जात नाही. आईचं मिटलं असेल, ती आई आहे. मी बहीण आहे.

परवा त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "ताई, रुपालीची मुशी संपली. कारखान्यातला एक जण मुंबईहून येतोय, त्याच्याकडे देशील का? फक्त जरा नीट पॅक कर. वास यायला नको."

माझ्या हातात तेव्हा भाजीची पिशवी होती. ती मी खाली ठेवली.

"कुणाकडेही देणार नाही," मी म्हणाले. "रजा काढ आणि ये. आई मुशी वाळत घालते. ती घ्यायची, कागदात बांधायची, काळ्या पिशवीत नाही, आणि चिंचणीहून बोईसरला शेअर रिक्षातून जायचं. भर गर्दीत. पिशवी मांडीवर. कुणी विचारलं, हा वास कसला, तर मोठ्याने सांगायचं."

मला वाटलं, आता फोन ठेवेल.

मग तो म्हणाला, "मागं बसू का पुढं?"

"मध्ये," मी म्हणाले, आणि फोन आईच्या हातात दिला.